कॅम घ्यायला जाताना स्वतःचं कास्टिंग न्या

बेंगळुरूच्या इमटेक्स प्रदर्शनात कॅम सॉफ्टवेअरच्या कुठल्याही स्टॉलवर जा, पडद्यावर इंपेलर फिरत असतो. पाच अक्षांचं मशीन, ॲल्युमिनियमचा चकचकीत ठोकळा आणि पात्यांच्या खाचांमधून सळसळत जाणारा कटर. बघणारा जागचा हलत नाही. आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यातही इंपेलर ढिगानं तयार होतात, शेतीपंपांचे. पण ते फौंड्रीत ओतले जातात. मशीन शॉपमध्ये येतात तेव्हा बोअर, फेस आणि कीवे एवढंच काम उरलेलं असतं. बेंगळुरूला पाच अक्षांचा इंपेलर बघून सॉफ्टवेअर घ्यायचं आणि परत येऊन त्यावर पंपाच्या कास्टिंगचा फेस मारायचा, असं केलेले लोक मला माहीत आहेत. नावं सांगत नाही, त्यातले काही आमचे पाहुणे लागतात.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सीएनसी मशीनला काय कापायचं ते अक्षरं आणि आकड्यांच्या ओळींनी सांगावं लागतं. सरळ जा, गोल फिर, इतकं खोल, इतक्या वेगानं. सोप्या कामाला या ओळी हातानं लिहिता येतात. आकार गुंतागुंतीचा झाला की संगणकावर जॉबचं त्रिमिती मॉडेल उघडायचं, कटरचा रस्ता त्यावर आखायचा आणि ओळी सॉफ्टवेअरकडून लिहून घ्यायच्या. हे काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे कॅम. मास्टरकॅम, सॉलिडकॅम, कॅमवर्क्स, एजकॅम, पॉवरमिल, हायपरमिल, एनएक्स, फ्यूजन. नावं संपत नाहीत. काहींचं वर्षाचं भाडं हजारांत असतं, तर काहींच्या किमतीत जुनी व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन, येते.

आमचं शॉप शिरोली एमआयडीसीत आहे. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, ते भावानं आणि मी इथपर्यंत आणलं. भाऊ मशीन, माणसं आणि पार्ट्या सांभाळतो. प्रोग्रॅमिंग आणि टूलिंग माझ्याकडे. तीन व्हीएमसी, एक आडव्या स्पिंडलची एचएमसी आणि काही टर्निंग सेंटर. काम बहुतेक कास्टिंगचं: व्हॉल्व्ह बॉडी, गिअरबॉक्स हाउसिंग, पंपाची कव्हरं. सॉफ्टवेअरचे विक्रेते येतात, बोलतात भावाशी आणि उत्तरं द्यावी लागतात मला. दोन्ही बाजूंना आता याची सवय झाली आहे.

नव्यानं शॉप टाकणारी पोरं विचारायला येतात, "ताई, कुठलं कॅम घेऊ?" मी विचारते, जॉब काय आहे? ड्रॉइंग दाखव. मग चेहरा उतरतो, कारण त्याला एक नाव हवं असतं. माझं म्हणणं असं आहे, की नाव हा शेवटचा प्रश्न आहे. कटरचा बरा रस्ता आज जवळजवळ सगळीच पॅकेजेस आखतात. फरक पडतो तो तुमच्या जॉबवर, तुमच्या मशीनपर्यंत पोहोचणाऱ्या त्या ओळींवर आणि अडल्यावर फोन उचलणाऱ्या माणसावर.

पहिली गोष्ट, कॅम लागतंच का? दोन अक्षांच्या टर्निंगला बहुतेक वेळा लागत नाही. फानुकच्या लेथवर जी७१ रफिंग करतं, जी७० फिनिश पास घेतं, जी७६ आटे पाडतं. बाह्य आकाराच्या दहा-बारा ओळी लिहिता आल्या की बुश, शाफ्ट, फ्लँज सगळं निघतं. माझ्या ओळखीत टर्निंगवाल्यानं हप्त्यावर कॅम घेतलं आणि ऑपरेटर मात्र अजून मशीनसमोर उभा राहून हातानंच प्रोग्रॅम टाकतो, कारण त्याला ते लवकर जमतं. तो चुकत नाहीये.

फ्लँजचंही तसंच. एकाच घराण्यातले आठ-दहा फ्लँज, फक्त पीसीडी (भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), भोकांची संख्या आणि भोकाचा व्यास वेगळा. याला मॉडेल काढायचं, कॅममध्ये न्यायचं, भोकं निवडायची, प्रोग्रॅम काढायचा, असा उद्योग प्रत्येक मापाला करत बसण्यात अर्थ नाही. मॅक्रो लिहायचा. वर तीन-चार व्हेरिएबल: पीसीडीची त्रिज्या, भोकं किती, पहिल्या भोकाचा कोन, खोली. खाली एक लूप, त्यात साइन आणि कोसाइन. ऑपरेटरनं वरचे आकडे बदलले की नवा फ्लँज तयार. आमच्याकडे असा मॅक्रो वर्षानुवर्षं चालतोय आणि त्याचा वार्षिक करार कुणाला भरावा लागत नाही. कॅमच्या विक्रेत्यांनी हे सांगावं अशी अपेक्षा नाही, पण डिप्लोमाच्या कॉलेजांनीही मॅक्रो शिकवणं मागे टाकलंय याचं वाईट वाटतं.

आता जिथे कॅम खरंच लागतं तिथे येऊ. डेमो म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. त्यात कुणी घोरत नाही. विक्रेता आपला ठरलेला जॉब आणतो. बहुधा तो चौकोनी ठोकळा असतो आणि त्यात खोल खिसा असतो. मग तो दाखवतो ते नवं रफिंग. सॉलिडकॅममध्ये त्याला आयमशिनिंग म्हणतात, मास्टरकॅममध्ये डायनॅमिक, फ्यूजनमध्ये ॲडाप्टिव्ह. तिन्हींमागची कल्पना एकच आहे आणि ती खरोखर चांगली आहे. कटर पूर्ण रुंदीनं घुसवायचा नाही. आडवी खोली कमी ठेवायची, उभी मात्र दाताच्या जवळजवळ सगळ्या लांबीची, आणि कोपऱ्यात कटर दबणार नाही अशा वळणांनी रस्ता न्यायचा. २० मिलिमीटरच्या कटरला आडवी खोली २ मिलिमीटर दिली, म्हणजे व्यासाच्या १० टक्के, तर दातामागे ०.१ फीड दिला तरी चिप जास्तीत जास्त ०.०६ जाडीची निघते. चिप पातळ आहे म्हटल्यावर फीड वाढवता येतो, कटर गरम कमी होतो आणि सगळ्या उंचीवर सारखा झिजतो. स्टीलच्या ठोकळ्यातून निम्मा माल काढून टाकायचा असेल तर या एका सोयीवर सॉफ्टवेअरची किंमत वसूल होते. भोसरीच्या टूलरूमवाल्यानं किंवा विमानाचे सुटे भाग करणाऱ्यानं ती बघूनच पॅकेज घ्यावं.

पण कास्टिंगमध्ये काढायला माल असतो कुठे? फेसवर तीन-चार मिलिमीटर अलाउन्स, बोअरमध्ये तेवढंच. तिथे वळणावळणाचं रफिंग काय कामाचं? उलट कास्टिंगची कातडी कडक असते, तिच्यात वाळूचे कण अडकलेले असतात. पहिल्याच पासला कातडीच्या खाली शिरावं लागतं. अर्धा-अर्धा मिलिमीटर घेत बसलं तर इन्सर्टची धार वाळूवर घासून जाते. ही गोष्ट कुठलंही सॉफ्टवेअर आपण होऊन ओळखत नाही. त्याला कच्चा माल म्हणजे ठोकळाच वाटतो. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की कच्च्या कास्टिंगचं मॉडेल स्टॉक म्हणून घेतं का, आणि घेतल्यावर रस्ता खरंच त्याप्रमाणे छोटा करतं का? काही पॅकेजेस घेतात पण रस्ता आखताना विसरतात, आणि कटर अर्धा वेळ हवेत फिरतो. पडद्यावर ते छान दिसतं. वीज, पगार आणि मशीनचा हप्ता मात्र हवा कापतानाही चालूच असतो.

आमच्यासारख्यांचा वेळ जातो भोकांत. एका व्हॉल्व्ह बॉडीवर चार बाजूंना टॅप भोकं, कुठे एम१०, कुठे एम१२, कुठे आरपार, कुठे आंधळी. एम१० दिसलं की आधी सेंटर, मग ८.५ चं ड्रिल, मग चॅम्फर, मग टॅप, हा क्रम सॉफ्टवेअरनं मॉडेल वाचून स्वतः लावला तर प्रोग्रॅमरचा अर्धा दिवस वाचतो. कॅमवर्क्स यात जुनं आणि मुरलेलं आहे. भोक ओळखायचं, आपल्या पद्धतीच्या साठ्यातून क्रम उचलायचा, ही त्याची मूळ ताकद. पण तो साठा तुम्ही स्वतः भरला पाहिजे. तयार येतो तो स्टीलच्या हिशेबानं भरलेला असतो, आणि त्यात ड्रिलिंगला जी८३ असतं, म्हणजे थोडं खोल जा, वर ये, पुन्हा जा. स्टीलची चिप लांब निघून ड्रिलला गुंडाळते म्हणून हे करावं लागतं. बिडाची चिप मुळात भुगा होऊन पडते. तिथे साधारण खोलीच्या भोकाला जी८१ नं एका दमात उतरावं. समजा प्रत्येक भोकामागे चार सेकंद वाचले, जॉबवर २४ भोकं आहेत आणि पाळीत ४० जॉब निघतात, तर ३,८४० सेकंद म्हणजे तासाहून जास्त वेळ झाला. एवढा वेळ ड्रिल नुसतंच वरखाली करत होतं. अशी पाळी मी दुसऱ्यांच्या शॉपमध्ये उभी राहून पाहिली आहे, आणि तिथला मालक नव्या मशीनसाठी बँकेत खेटे घालत होता.

तेव्हा माझी मतं अशी, कुणाला पटोत न पटोत. डाय-मोल्डचे वळणदार पृष्ठभाग असतील तर पॉवरमिल किंवा हायपरमिल. फिनिशिंगचा पोत त्यांचा वेगळाच येतो. पाच अक्ष, मोठं घराणं आणि डिझाइनपासून सगळं एका छपराखाली असेल तर एनएक्स, पण त्याला तेवढी माणसं लागतात. डिझाइन सॉलिडवर्क्समध्ये होत असेल तर त्याच्या आतच चालणारं सॉलिडकॅम किंवा कॅमवर्क्स, कारण पार्टीनं मॉडेलमध्ये बोअर हलवला की रस्ताही हलतो, पुन्हा पहिल्यापासून बसावं लागत नाही. सर्वसाधारण जॉब शॉपला मास्टरकॅम, एजकॅम यांच्यातलं काहीही चालेल. एका व्हीएमसीवर सुरुवात करणाऱ्या पोरानं फ्यूजन भाड्यानं घ्यावं आणि उरलेल्या पैशात चांगली व्हाइस आणि प्रोब घ्यावा. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, त्यातही कॅम आहे आणि फुकट आहे. शिकायला जरूर वापरा. रात्रपाळीला बिनधास्त सोडण्याइतका भरवसा माझा अजून त्यावर बसलेला नाही.

एवढी सगळी चर्चा झाली तरी जी गोष्ट डेमोत कुणी दाखवत नाही ती राहतेच. ती म्हणजे पोस्ट. सॉफ्टवेअर कटरचा रस्ता आपल्या पद्धतीनं साठवतं. तो तुमच्या मशीनच्या कंट्रोलरला कळेल अशा ओळींत बदलणारी जी फाइल असते तिला पोस्ट प्रोसेसर म्हणतात. जी-कोडला मानक नाही असं नाही. अमेरिकेचं आरएस-२७४-डी १९८० सालचं, आंतरराष्ट्रीय आयएसओ ६९८३ हे १९८२ सालचं. पण त्यात मोकळ्या जागा इतक्या ठेवल्या होत्या, की प्रत्येक कंट्रोलरवाल्यानं त्या आपापल्या रीतीनं भरल्या. झुकलेल्या तळावर काम करायचं तर फानुकला जी६८.२ लागतं, सीमेन्सला सायकल८००. एकाच शॉपमध्ये दोन्ही मशीन शेजारी असली तरी एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही.

पोस्टमधली चूक कशी दिसते याचं एक उदाहरण देते. चौथ्या अक्षावर फिक्स्चर लावलंय, त्यावर हाउसिंग. टेबल ३५० अंशांवर आहे आणि पुढचं भोक १० अंशांवर. जवळचा रस्ता २० अंशांचा. पोस्टनं तो आकडा कसा लिहिलाय आणि कंट्रोलरचं पॅरामीटर कसं लावलंय यावर टेबल कधीकधी उलटं ३४० अंश फिरून येतं. प्रत्येक जॉबला प्रत्येक बाजूला एवढा उलटा फेरा. हा झाला नुसता वेळेचा तोटा. त्या फेऱ्याआधी टूल पुरेसं वर घेतलेलं नसेल तर क्लॅम्प येऊन टूलला भिडतो. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर हे दिसत नाही, कारण तिथलं सिम्युलेशन बहुतेक वेळा रस्त्याचं असतं, पोस्टमधून निघालेल्या ओळींचं नसतं. शॉपमध्ये म्हणतात, टूल ठोकलं. आवाज शेजारच्या शेडपर्यंत जातो. स्पिंडलची बेअरिंग गेली असतील तर दुरुस्तीच्या बिलात कॅमचं लायसन्स आलं असतं.

कास्टिंगला आणखी एक गोष्ट लागते. कोअर जरा सरकलेला असतो, ओतीव बोअर ड्रॉइंगपेक्षा मिलिमीटरभर बाजूला. अशा वेळी प्रोबनं आधी कच्चा बोअर मोजायचा, झीरो तेवढा हलवायचा आणि मग कापायला सुरुवात करायची, म्हणजे भिंत एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ राहत नाही. रेनिशॉचा प्रोब असेल तर बोअर मोजायला जी६५ पी९८१४ असा मॅक्रो बोलवावा लागतो. ही ओळ कॅममधून, योग्य जागी, योग्य आकड्यांसह बाहेर पडते का? आम्ही हा प्रश्न एका विक्रेत्याला विचारला तेव्हा "होईल मॅडम, पोस्टमध्ये टाकून देऊ" असं उत्तर आलं. पैसे गेले, लायसन्स आलं. पोस्ट करणारा माणूस चेन्नईला बसायचा. त्याला आमचं मशीन फोटोत दिसायचं, आमची घाई दिसायची नाही. तो पोस्ट हाताशी येईपर्यंत प्रोबिंगच्या ओळी मी हातानं घालत होते आणि वार्षिक कराराचं पहिलं वर्ष त्यातच सरत आलं. पोस्टची फाइल आम्हीच उघडून दुरुस्त केली असती, पण ती कुलूपबंद होती.

म्हणून आता आमच्या खरेदीच्या ऑर्डरवर तीन अटी असतात. मशीनवर, आमच्या जॉबवर, आमच्या ऑपरेटरच्या हातून पोस्ट चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. पोस्टची फाइल उघडी मिळाली पाहिजे. आणि ती बदलायला येणारा माणूस कोल्हापुरात किंवा फार तर पुण्यात बसणारा हवा. यातली तिसरी अट माझी नाही, वडिलांची आहे. ते लेथ घेतानाही वजन आणि बेड बघायच्या आधी विचारायचे, बिघडलं तर येणार कोण?

भाड्यानं घ्यावं की कायमचं, हा वाद हल्ली जास्त ऐकू येतो. ऑटोडेस्कनं २०१६ मध्ये कायमची लायसन्स विकणं थांबवलं आणि बाकीचेही कमीअधिक प्रमाणात त्याच वाटेला लागले. नव्या शॉपला भाडं सोयीचं, हे वर म्हटलंच आहे. जुन्या शॉपचं गणित वेगळं. कामं आटली, त्या वर्षी भाडं भरलं नाही, तर मशीनमध्ये पडलेले प्रोग्रॅम चालतात. पण पार्टीनं ड्रॉइंगची नवी आवृत्ती पाठवली, की ज्या फाइलमध्ये आपण सगळी बुद्धी ओतली ती उघडतच नाही. आपली टूल लायब्ररी, आपले फीड-स्पीड, कुठल्या फौंड्रीचं कास्टिंग कसं कापतं याचा अनुभव, सगळं आपलंच, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

किल्लीवाला मध्येच नियमही बदलतो. फ्यूजनची वैयक्तिक वापराची आवृत्ती फुकट होती. ऑक्टोबर २०२० पासून तिच्यातून रॅपिड हालचाली काढून घेतल्या. म्हणजे कटर हवेतून एका जागेहून दुसरीकडे जातानाही कापायच्या वेगानंच रांगत जाणार. ती आवृत्ती धंद्यासाठी नव्हतीच, तेव्हा कंपनीला बोल लावता येत नाही. पण त्यावर घरच्या घरी शिकणारी, छोटं मशीन चालवणारी पोरं एका दिवसात अडली.

आणि किल्लीवाला कोण, हेही कायम राहत नाही. बर्मिंगहॅमची डेलकॅम, म्हणजे पॉवरमिलवाले, २०१४ मध्ये ऑटोडेस्कनं घेतली. त्याच वर्षी एजकॅमवाली व्हेरो हेक्सागॉनकडे गेली. २०२१ मध्ये मास्टरकॅम सँडविकनं घेतलं. हो, तीच सँडविक, जिचे इन्सर्ट आपण वापरतो आणि जिचा कारखाना पुण्यात दापोडीला कित्येक दशकं आहे. कॅमवर्क्स तर एके काळी इथलंच, गोदरेज समूहातून निघालेल्या मुंबईच्या जिओमेट्रिकचं. २०१७ मध्ये तेही एचसीएलकडे गेलं. मालक बदलला म्हणून सॉफ्टवेअर बिघडतंच असं नाही. पण लाकडी दारांवर गणपती आणि वेलबुट्ट्या कोरणाऱ्या राउटरवाल्यांना विचारा. त्यांचं लाडकं आर्टकॅम डेलकॅमबरोबर ऑटोडेस्ककडे गेलं आणि २०१८ मध्ये त्याची विक्रीच बंद झाली. पुढे दुसऱ्या कंपनीनं ते कार्व्हेको या नावानं पुन्हा उभं केलं म्हणून निभावलं. माझी पद्धत अशी, की टूल लायब्ररी दर महिन्याला साध्या एक्सेलमध्ये उतरवून ठेवायची आणि प्रत्येक जॉबच्या सेटिंगचा एक कागद, फोटोसकट, फाइलला लावायचा. कंटाळवाणं काम आहे. आमच्याकडे ते टाळायला कुणाला परवानगी नाही, भावालाही नाही.

क्रॅकबद्दल बोलायचं टाळलं तर लेख खोटा होईल. आपल्या एमआयडीसींत क्रॅक केलेलं कॅम किती शेडमध्ये चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात जाणूनबुजून असं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. शिवाय बरीच पॅकेजेस इंटरनेट मिळताच मूळ कंपनीला खबर देतात; आधी ईमेल येतो, मग फोन, मग वकिलाचं पत्र, आणि शेवटी घाबरलेला मालक गरज नसलेलं महागडं मोड्यूल घेऊन मोकळा होतो. मला यात कंपन्यांचाही दोष दिसतो. तीन अक्षांच्या साध्या कामाला परवडेल अशी किंमत ठेवायची नाही आणि क्रॅकवाल्यांच्या मागे लागून तीच वसूल करायची, ही विक्रीची बरी रीत नाही. पण आपल्या बाजूनं सांगायचं तर क्रॅकबरोबर पोस्टचा माणूस येत नाही, आणि पोस्टशिवाय कॅम कसं अंगावर येतं ते वर सांगितलंच.

राहता राहिली पोरं. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेला मुलगा प्रोग्रॅमिंग शिकतो, हात बसतो आणि चाकणहून जास्त पगाराचा फोन येतो. जाऊ द्यावं, अडवून काय करणार? पण म्हणूनच असं पॅकेज घेऊ नये, जे आपल्या गावात दुसऱ्या कुणाला येत नाही. आपल्या भागातल्या क्लासच्या पाट्यांवर कुठली नावं आहेत ते बघा. सगळ्यात भारी पॅकेज घेऊन ते चालवणारा एकुलता एक मुलगा गेल्यावर संगणकावर धूळ साचलेली मी पाहिली आहे. दुय्यम पॅकेज आणि ते येणारी चार पोरं हा सौदा मला कधीही मान्य.

सगळ्यांनी एकेकटं, विक्रेत्याच्या लॅपटॉपवर विसंबून ही खरेदी का करायची, हे मात्र मला कळत नाही. शिरोलीला स्मॅक आहे, गोकुळ शिरगावला गोशिमा आहे. संघटना वीजदर, रस्ते, घरफाळा यांवर भांडतात, ते करायलाच हवं. वर्षातून एक दिवस त्यांनी यालाही द्यावा. एक खरंखुरं कास्टिंग ठरवायचं, चार बाजूंनी भोकं असलेलं, कोअर थोडा सरकलेला. त्याचं मॉडेल सगळ्या विक्रेत्यांना एकाच सकाळी द्यायचं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं आपापल्या पॅकेजमधून प्रोग्रॅम काढायचा आणि तो सगळ्यांसमोर मशीनवर चालवायचा. फानुकवर एकदा, सीमेन्सवर एकदा. बाजूला फळ्यावर प्रोग्रॅमिंगला लागलेला वेळ, सायकल टाइम आणि पोस्टमध्ये हातानं किती ओळी बदलाव्या लागल्या, एवढंच लिहायचं. भाषणं नकोत. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आमची एक व्हीएमसी रिकामी असते, ती आणि कास्टिंग आम्ही देऊ. कटर विक्रेत्यांनी आपापले आणावेत, आणि मोडला तर खर्चही त्यांचाच.